मोठ्या शिडाला लेझी जॅक्स: मोजण्यापासून पहिल्या रीफपर्यंतच्या नोंदी

२ नोव्हेंबर, रविवार

काल शीड उतरवताना बाबा केबिनच्या छपरावर गुडघे टेकून बसले होते, एका हाताने बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) धरलेला आणि दुसऱ्या हाताने शीड ओढून गोळा करत होते, तेवढ्यात बाजूने लाट आली आणि शिडाचा अख्खा गठ्ठा त्यांच्या खांद्यावरून डेकवर सांडला. त्यांना समोरचं काहीच दिसेना आणि मला सुकाणू सोडून जाता येईना. पडले नाहीत, पण ती दहा सेकंदं मी विसरणार नाहीये. होडीवर आम्ही दोघंच असतो, आणि बाबांचे गुडघे आता छपरावर चढण्यासारखे राहिलेले नाहीत, त्यामुळे लेझी जॅक्स बसवायचेच असं रात्री ठरवलं.

म्हणजे डोलकाठीच्या दोन्ही बाजूंनी बूमपर्यंत दोऱ्यांचं जाळं करायचं, म्हणजे हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) सोडला की शीड त्या जाळ्यात बूमवरच पडतं, डेकवर नाही. बस एवढंच.

आज फक्त मापं घेतली. होडी २८ फुटी, बूम ३.६ मीटर, बूमपासून स्प्रेडरची (डोलकाठीवरून दोन्ही बाजूंना निघालेल्या आडव्या दांड्यांची) उंची ४.७ मीटर. शिडाला चार बॅटन (कापडाच्या खिशात घातलेल्या आडव्या पट्ट्या), वरच्या दोन पूर्ण लांबीच्या, खालच्या दोन आखूड. पुढच्या कडेला स्लाइड आहेत, त्या डोलकाठीच्या खाचेत राहतात, हे महत्त्वाचं आहे, कारण ज्यांच्या शिडाची पुढची कड नुसता दोर शिवून खाचेत सरकवलेली असते त्यांचं शीड उतरवताना खाचेतून पूर्ण बाहेर येतं आणि मग लेझी जॅक्सनी अर्धंच काम होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज एकही भोक पाडलं नाही आणि हा दिवस सगळ्यात कारणी लागला. जुनी, टाकायला काढलेली ४ मिमीची दोरी होती, तिचेच लेझी जॅक्स करून बघितले. एक स्पेअर हॅलयार्ड आहे त्याला दोन्ही बाजूंच्या दोऱ्या बांधून वर चढवल्या आणि बूमला खाली नुसत्या गाठी मारल्या, मग धक्क्याला बांधलेल्या होडीवर शीड पाच-सहा वेळा चढवून उतरवलं. वारा जवळजवळ नव्हता म्हणून हे जमलं.

कळलेल्या गोष्टी अशा की प्रत्येक बाजूला दोन पाय (बूमपर्यंत उतरणाऱ्या दोऱ्या) पुरत नाहीत, मधलं शीड फुगून बाहेर लोंबतं. तीन पाय केले तेव्हा बरं बसलं. आमच्या बूमवर पुढून ०.९, १.९ आणि २.९ मीटरवर जागा ठरल्या. शेवटचा पाय अजून मागे नेला तर पुढचं शीड सांडतं आणि पुढे आणला तर मागची कड घसरून लोंबते, तेव्हा प्रत्येकाने आपल्या शिडावर बघूनच ठरवावं, माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका.

रचना अशी ठरली. मुख्य दोरी डोलकाठीच्या खालच्या क्लीटपासून (दोरी अडकवायच्या खुंटीपासून) वर जाते, कप्पीतून फिरून खाली येते आणि एका रिंगमध्ये संपते. दुसरी दोरी बूमच्या मागच्या जागेवर बांधलेली, या रिंगमधून जाऊन खाली दुसऱ्या रिंगमध्ये संपते. तिसरी दोरी पुढच्या जागेपासून त्या दुसऱ्या रिंगमधून मधल्या जागेवर. रिंगमधून दोरी सरकत असल्यामुळे तिन्ही पायांवर ताण आपोआप वाटला जातो, एकेक पाय मोजत बसावं लागत नाही.

बाबांनी सगळ्या गाठींच्या जागांवर मार्करने खुणा केल्या आणि एका पुठ्ठ्यावर चित्र काढून ठेवलं. त्या पुठ्ठ्याने पुढे खूप वाचवलं आणि एका ठिकाणी फसवलंही, ते पुढे येईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डोलकाठीवर चढले. बोसन्स चेअर (वर चढायची लटकती बैठक) एका हॅलयार्डवर आणि वेगळा हार्नेस दुसऱ्या हॅलयार्डवर, दोन्ही शॅकल नुसते बंद न करता टेपने गुंडाळले, बाबा विंचवर (दोरी ओढायच्या चरकावर). ड्रिल, पंच, हातोडी, रिव्हेट गन प्रत्येकाला वेगळी दोरी बांधून चेअरला अडकवली. तरीही एक ड्रिल बिट हातातून निसटलं, डेकवर आपटून पाण्यात गेलं. खाली कोणी उभं राहायचं नाही हा नियम आधीच ठरलेला होता म्हणून काही झालं नाही, पण दुसरं बिट मागवायला खाली उतरून पुन्हा चढणं यात पाऊण तास गेला. प्रत्येक मापाची दोन बिटं वर न्या.

एक गोष्ट आधी करायची ती मी केली, आणि जे करणार असतील त्यांनी कृपा करून करावीच. आमचे हॅलयार्ड डोलकाठीच्या आतून जातात. भोक पाडताना बिट आत घुसून हॅलयार्ड कापू शकतं, दिव्याची वायरही. म्हणून बिटाच्या टोकापासून ६ मिमीवर टेपचं जाड कडं गुंडाळलं आणि बाबांनी आतले हॅलयार्ड खालून घट्ट ताणून ठेवले, म्हणजे ते भिंतीवर लोंबत राहत नाहीत. डोलकाठी गोल असते, बिट घसरतं, पंच मारल्याशिवाय सुरुवातच करू नका. मी पहिल्या भोकाला पंच हलका मारला तर बिट सरकून रंगावर बोटभर लांब ओरखडा पडला, तो आता तसाच आहे.

कप्प्या डोलकाठीवरच दोन्ही बाजूंना, स्प्रेडरच्या थोडं खाली, रिव्हेटने बसवल्या. खाली येऊन दोऱ्या ओवून बघितल्या आणि लगेच लक्षात आलं की जागा चुकली. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वर डोलकाठीला इतक्या चिकटून आहेत की शीड चढायला मधली वाटच अरुंद होते, शिवाय वाऱ्याने दोऱ्या डोलकाठीवर आपटतात. गेल्या शनिवारी दोऱ्या हॅलयार्डच्या टोकावर एकत्र बांधल्या होत्या तेव्हाही हे दिसायला हवं होतं, पण तेव्हा मी फक्त शीड खाली कसं पडतं तेच बघत होते, वर कसं जातं ते बघितलंच नाही.

चार तास गेले आणि चार भोकं वाया.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा वर. कालच्या कप्प्या काढल्या, भोकं रिव्हेट आणि सीलंटने बंद केली. नव्या जागा स्प्रेडरवर, डोलकाठीपासून ३० सेंमी बाहेर. स्प्रेडरला भोक पाडायचं नाही हे पक्कं, तो सगळा वेळ दाबाखाली असतो आणि तो गेला तर डोलकाठीच जाईल. म्हणून डायनीमाच्या (फार मजबूत धाग्याच्या) ४ मिमी दोरीचे सहा वेढे स्प्रेडरभोवती घट्ट बांधून त्यात कप्पी लटकवली, आणि वेढे सरकू नयेत म्हणून एक छोटी दोरी आतल्या बाजूला स्प्रेडरच्या बुडापाशी नेऊन बांधली. वेढ्यांखाली आधी टेप. हे काम भोकांपेक्षा सोपं झालं, दोन्ही बाजू मिळून दीड तास. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं.

दुपारी बूम. इथे प्रत्येक बाजूला तीन पॅड-आय (दोरी बांधायच्या कड्या), बूमच्या खालच्या अंगाला. घाई झाली होती, उजेड जात होता, म्हणून सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारले. स्टेनलेसचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात तेव्हा खाऱ्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम सडतं, पांढरी भुकटी दिसायला लागते, त्यामुळे प्रत्येक स्क्रूला लॅनोलिन ग्रीस लावलं. स्क्रू आखूडच घ्यायचे, कारण बूमच्या आतून रीफच्या (जोराच्या वाऱ्यात शीड थोडं उतरवून लहान करायच्या) दोऱ्या जातात आणि आत डोकावणारं टोक त्यांना करवतीसारखं कापत राहतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज रागच आला, स्वतःचा. मुख्य दोऱ्या पुठ्ठ्यावरच्या मापाने कापल्या होत्या, ८.५ मीटर प्रत्येकी, टोकांना फास विणून, शिवून, दोन संध्याकाळी घालवून. दोऱ्या लावल्या, ताणल्या, सगळं अगदी सुंदर दिसत होतं. मग वापर नसताना सगळं जाळं पुढे आणून डोलकाठीपाशी हुकला अडकवायचं बघितलं तर दोरी पुरेचना.

कारण साधं आहे. जाळं पसरलेलं असतं तेव्हा वरची रिंग कप्पीपासून जेमतेम अडीच मीटर खाली असते. जाळं पुढे घेऊन बूमच्या सांध्यापाशी अडकवलं की तीच रिंग तिथपर्यंत खाली येते, म्हणजे कप्पीपासून ४.७ मीटर. तेवढी सव्वादोन मीटर दोरी जादा लागते, आणि शिवाय क्लीटवर गुंडाळायला, हाताने धरायला शेपूट. हिशोबाने ११ मीटर हवी होती. पुठ्ठ्यावर फक्त पसरलेल्या स्थितीची मापं होती, गुंडाळलेल्या स्थितीचं चित्र आम्ही काढलंच नव्हतं.

बाबा म्हणाले, "अगं, जोड दे की गाठ मारून." पण गाठ कप्पीतून जात नाही. नवी दोरी घेतली. ६ मिमी पॉलिस्टर, दोन्ही बाजूंना मिळून २२ मीटर, आणि खालच्या पायांना ५ मिमी, तीही फास विणायला जाते ती लांबी धरून साधारण १७ मीटर. एकूण ४० मीटर धरा. या अख्ख्या कामात सगळ्यात मोठा खर्च दोरीचाच, आणि माझा तो निम्म्याच्या आसपास जास्त झाला. कापलेल्या ८.५ मीटरच्या दोऱ्या फेंडर बांधायला ठेवल्यात.

मुख्य दोरी कापण्याआधी जाळं पुढे नेऊन अडकवून बघा, मगच कात्री लावा. एवढी एक गोष्ट कोणी ऐकली तरी माझ्या दोन संध्याकाळी वसूल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्यांदा बाहेर नेलं. वारा १० नॉटच्या आसपास, लाट नाही.

जाळं पसरलेलंच ठेवून शीड चढवायला घेतलं कारण मला वाटलं स्प्रेडरवर बाहेर नेल्यावर आता वाट रुंद आहे, अडकणार नाही. वरच्या दोन बॅटन गेल्या. तिसरी, आखूड, डावीकडच्या दोरीखाली अडकली. खाली घेतलं, पुन्हा ओढलं, आता चौथी उजवीकडे अडकली. होडीचं नाक बरोब्बर वाऱ्यात असेल तेव्हा जातं, पण दहा-पंधरा अंश जरी वळलं की शीड एका बाजूला झुकतं आणि बॅटनचं टोक त्या बाजूच्या दोरीत. बाबा सुकाणूवर इंजिन मंद ठेवून नाक वाऱ्यात धरायचा जिवापाड प्रयत्न करत होते, पण वारा काही एका रेषेत येत नाही.

तिसऱ्या वेळी मी विंचवर हॅलयार्ड ओढत होते आणि वर बघत नव्हते. बॅटनच्या खिशाची शिवण चार बोटं उसवली. चढवताना हॅलयार्ड जड लागला की थांबायचं आणि वर बघायचं, विंचला ते कळत नाही.

मग जाळं सैल सोडून पुढे घेतलं, हुकला अडकवलं, मुख्य दोरी पुन्हा ताणली. शीड एका दमात वर. ज्यासाठी नवी दोरी घेतली ती गोष्ट पहिल्याच दिवशी कामाला आली.

६ डिसेंबर, शनिवार

शिवण घरी हातानेच घातली, मेणाचा दोरा, शिडाची सुई, जुन्याच भोकांतून. आठवड्याच्या दोन संध्याकाळी.

आज उतरवायची खरी परीक्षा. क्रम पक्का केला आणि बाबांनी तो केबिनच्या दारापाशी आत चिकटवला. आधी टॉपिंग लिफ्ट (बूमचं मागचं टोक वरून उचलून धरणारी दोरी) ताणायची म्हणजे बूमचं वजन तिच्यावर. मग जाळं हुकवरून सोडून मागे पसरायचं आणि दोन्ही मुख्य दोऱ्या ओढून क्लीटला, फार ताणायच्या नाहीत, नुसती ढिलाई जाईल इतपत. मग नाक वाऱ्यात आणि बूमची शीट (बूम आवरून धरणारी दोरी) आखडायची म्हणजे बूम डोलत नाही. मग हॅलयार्ड.

शीड खाली आलं आणि बूमवर थांबलं. वरचा शेवटचा मीटरभर हाताने ओढावा लागला, बाकी आपोआप. पूर्वी दहा मिनिटं लागायची आणि दोघं घामाघूम व्हायचो, आज मिनिटभर, आणि बाबा पूर्ण वेळ कॉकपिटमध्ये बसलेले. मी वळून बघितलं तर ते नुसते बूमकडे बघत होते. "झालं एवढंच?" म्हणाले. मला खरंच भरून आलं.

गठ्ठा नीट घड्यांचा नाही, वेडावाकडा पडतो, धक्क्याला लागल्यावर पाच मिनिटं नीट करून बांधावा लागतो. पण ते स्थिर होडीवर. पूर्ण लांबीच्या बॅटन जिथे आहेत तिथलं शीड छान घडी पडत येतं, आखूड बॅटनपाशी फुगा राहतो. स्लाइडच्या खाचेला कोरडा सिलिकॉन स्प्रे मारल्यावर तो शेवटचा मीटरही बराच सैल झाला.

१३ डिसेंबर, शनिवार

मोडलं. शीड बांधून झालं होतं, बाबांनी आवराआवर करताना टॉपिंग लिफ्ट सोडली, दोरी हॅलयार्डसारखीच पांढरी, त्याच क्लीटच्या शेजारी. जाळं ताणलेलं होतं, त्यामुळे बूम आणि शीड दोन्हीचं वजन एकदम लेझी जॅक्सवर आलं. उजव्या बाजूचा मागचा पॅड-आय उपटला, दोन्ही स्क्रू आट्यांसकट बाहेर, आणि बूम हातभर खाली येऊन डावीकडच्या दोरीवर तिरका लटकला. कोणाच्या डोक्यावर आला नाही.

चूक बाबांची नाही, माझी. हे जाळं शीड धरायला आहे, बूम उचलायला नाही, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या दोऱ्या शेजारी ठेवणं हेच चुकीचं. आता टॉपिंग लिफ्टच्या टोकाला लाल दोऱ्याने वीतभर वेढे घातलेत आणि तिची क्लीट वेगळ्या बाजूला नेली.

सगळे सहा पॅड-आय काढले. सेल्फ-टॅपिंग स्क्रू पातळ अ‍ॅल्युमिनियममध्ये अशा झटक्याला टिकत नाहीत. ४.२ मिमीचं भोक, एम५चा टॅप मारून आटे पाडले आणि मशीन स्क्रू घातले, पुन्हा लॅनोलिन. उपटलेल्या जागेचं भोक मोठं झालं होतं, तिथे पॅड-आय ४ सेंमी पुढे सरकवला, जाळ्याला काहीच फरक पडला नाही. दिवस गेला.

२८ डिसेंबर, रविवार

दोन रात्री होडीवर काढल्या, नांगरावर. पहिल्या रात्री झोप नाही, पुढे घेतलेल्या दोऱ्या डोलकाठीवर टक टक टक. दुसऱ्या रात्री एका लवचिक दोरीने दोन्ही मुख्य दोऱ्या बाजूच्या वायरकडे ओढून धरल्या, शांत.

जाळं पुढे घेता येतं याचा एक फायदा आधी डोक्यात नव्हता. जुनं शिडाचं कव्हर तसंच बसतं, त्याला दोऱ्यांसाठी फटी कापाव्या लागल्या नाहीत.

परतताना वारा २० नॉटच्या वर गेला, पहिला रीफ घेतला. जाळं पुढेच होतं, त्यामुळे रीफमध्ये खाली आलेलं शीड बूमखाली लोंबायला लागलं आणि मला छपरावर जाऊन ते बांधावं लागलं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच. बाबा म्हणाले मी जातो, मी जाऊ दिलं नाही. पुढच्या वेळी रीफच्या आधी जाळं पसरायचं, पण वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची, शीड जिकडे फुगतं तिकडची मुख्य दोरी चांगली सैल सोडायची, नाहीतर ती फुगलेल्या शिडावर दाबून बसते आणि घासते.

१८ जानेवारी, रविवार

रीफचा नवा क्रम दोनदा करून बघितला, १५ ते १८ नॉटमध्ये. पहिल्या वेळी मी त्या बाजूची दोरी पुरेशी सोडली नाही, तिसऱ्या बॅटनच्या वर दोरीचा व्रण दिसतोय कापडावर, फाटलं नाही. दुसऱ्या वेळी मीटरभर सोडली, लोंबतं शीड तरीही दुसऱ्या बाजूच्या दोरीत आणि सैल झोळीत राहिलं, दोन गाठी कॉकपिटमधून हात पोचेल तिथेच मारल्या, पुढची अजून राहते.

शीड चढवताना जाळं पुढे, उतरवताना आणि रीफला मागे, हे आता हाताला बसलंय. पसरायला आणि गुंडाळायला प्रत्येकी अर्धा मिनिट, आणि सगळं डोलकाठीच्या बुडाशी उभं राहून.

दोऱ्या तपासल्या. खालच्या रिंगमधून जाणाऱ्या ५ मिमी दोरीला उजवीकडे केस सुटायला लागलेत, कारण ती रिंग जुनी होती आणि तिच्या कडेला बारीक खाच होती, बोट फिरवल्यावर लागली. रिंग बदलली, दोरी उलटी करून लावली म्हणजे घासलेला भाग आता टोकाकडे आला. स्प्रेडरवरचे डायनीमाचे वेढे दुर्बिणीने बघितले, सरकलेले नाहीत. पुढच्या महिन्यात वर चढून हाताने बघणार आहे.